लंबकवाला फूको

मेकॅनिकलच्या मुलांना जायरोस्कोप माहीत असतो. इलेक्ट्रिकलवाले एडी करंटच्या नावाने बोटं मोडतात. प्रकाशाचा वेग तर एफ.ई.ला सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. या तिन्ही गोष्टींत एकाच माणसाचा हात आहे आणि तो माणूस इंजिनिअर नव्हता, गणितात तर बराच कच्चा होता. डॉक्टर व्हायला गेला आणि रक्त बघवेना म्हणून परत आला. नाव लेऑं फूको. फ्रेंच लोक एडी करंटला आजही फूकोचे प्रवाह म्हणतात. पण जगाने त्याला लक्षात ठेवलं ते एका तारेला टांगलेल्या गोळ्यासाठी, म्हणजे आपल्या भाषेत एका भल्यामोठ्या ओळंब्यासाठी.

फूकोचा जन्म १८ सप्टेंबर १८१९ चा, पॅरिसचा. वडील पुस्तकं छापून विकायचे. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असतानाच ते गेले आणि आई त्याला घेऊन पॅरिसमध्ये रू द'आसास नावाच्या रस्त्यावरच्या घरात राहू लागली. हे घर लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहे. पोरगं तब्येतीने किरकोळ, शाळेत रमत नसे, अभ्यास कसाबसा घरच्या शिकवणीवर रेटला. मात्र हात चालायचा. लहान वयात त्याने स्वतः खटपट करून वाफेचं छोटं इंजिन बनवलं, टेलिग्राफचं खेळणं बनवलं. आईला वाटलं, एवढी बोटं कुशल आहेत तर सर्जन होईल. १८३९ मध्ये तो मेडिकलला गेला. तिथे रक्त आणि वॉर्डातल्या वेदना बघून त्याची हालत खराब झाली. कॉलेज सुटलं.

पण त्याचे एक प्रोफेसर दॉने यांनी या पोराचा हात हेरला होता. त्यांनी त्याला मायक्रोस्कोपीच्या वर्गाला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. फोटोग्राफी तेव्हा नुकतीच जन्मली होती. फूकोने मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या गोष्टींचे फोटो काढले, त्यांचं पुस्तक १८४५ मध्ये दॉनेबरोबर निघालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिझो या मित्राबरोबर त्याने सूर्याचा फोटो घेतला, डागांसकट. दॉने एका मोठ्या वर्तमानपत्रात विज्ञानाचं सदर लिहायचे, ते सदरही १८४५ पासून फूकोकडे आलं. म्हणजे हा गडी दिवसा वार्ताहर म्हणून अकादमीच्या बैठकीत बसायचा, तिथल्या थोरांवर लिहायचा, आणि रात्री घरी यंत्रं जुळवायचा. डिग्री नाही, नोकरी नाही, लॅब नाही. अकादमीतल्या काही मंडळींना तो आवडत नसे यात नवल काय? आपल्यावर लिहिणारा पोरगा उद्या आपल्याच शेजारी खुर्ची मागेल, हे कुणाला रुचतं?

आता लंबकाकडे येऊ. आपण सगळ्यांनी अकरावीत किंवा एफ.ई.ला हे प्रॅक्टिकल केलंय (किंवा निदान सीनिअरच्या जर्नलमधून रीडिंग तरी उतरवून घेतलीयत). लांबी बदला, दोलनकाळ बदलतो; लांबी चौपट केली की काळ दुप्पट. गोळा लाकडाचा घ्या की शिशाचा, काळ तोच. झोका किती मोठा यानेही जवळपास फरक पडत नाही. यातलं 'जवळपास' मात्र महत्त्वाचं आहे. उभ्या रेषेपासून १० अंश सोडला तर काळ ०.२ टक्क्याने वाढतो, २० अंशांवर पाऊण टक्क्याने. गॅलिलिओला वाटत होतं की झोक्याच्या आकाराने काहीच फरक पडत नाही. ती चूक हॉयगेन्सने दाखवली आणि १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळही त्यानेच केलं. मग उरतं गुरुत्वाकर्षण. १६७२ मध्ये रिशे नावाचा फ्रेंच खगोलज्ञ पॅरिसचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या कायेन गावी गेला तर ते रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. घड्याळ बिघडलं नव्हतं, तिथे 'जी'च कमी होता. पृथ्वी मध्यावर फुगीर आहे याचा तो पहिल्या काही पुराव्यांपैकी एक.

इथपर्यंत सगळे प्रश्न एकाच प्रकारचे होते: एका झोक्याला किती वेळ लागतो? फूकोने वेगळंच विचारलं. लंबक हलतो ती दिशा कशावर अवलंबून असते?

हा प्रश्न त्याला लेथवर सापडला. मेकॅनिकलवाल्यांनो, हे तुम्ही वर्कशॉपमध्ये करून बघू शकता. चकमध्ये एक लांब, बारीक सळई पकडा आणि तिचं मोकळं टोक बोटाने छेडा. ती वरखाली थरथरत राहील. आता चक हाताने हळूच फिरवा. सळई चकबरोबर फिरते, पण तिची थरथर मात्र वरखालीच राहते. चक फिरला याची थरथरीला पर्वा नाही. फूकोने हे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात आलं की चकच्या जागी पृथ्वी ठेवली तर? लंबक टांगायचा छताला, छत इमारतीला, इमारत पृथ्वीला. पृथ्वी फिरेल, टांगायची जागा फिरेल, पण झोक्याची दिशा तिच्याबरोबर फिरणार नाही. आपण पृथ्वीवर उभे, त्यामुळे आपल्याला झोकाच सावकाश सरकताना दिसेल.

गंमत अशी की हे त्याआधी एकाला दिसलंही होतं. गॅलिलिओचा शिष्य विव्हियानी याने १६६१ च्या सुमारास टिपून ठेवलं होतं की लंबक नेहमी एकाच बाजूला वळत जातो. पण का, ते त्याने विचारलं नाही. आणि पॅरिसचा मोठा गणिती प्वासाँ याने १८३७ च्या सुमारास तोफगोळ्यांवर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम काढला, जाता जाता लंबकाचाही विचार केला आणि परिणाम इतका किरकोळ की जाणवणार नाही म्हणून सोडून दिला. एका झोक्यात जाणवणार नाही हे खरंच. पण तो परिणाम झोक्यामागून झोका साठत जातो, हे त्याच्या हिशेबातून निसटलं.

जानेवारी १८५१. रू द'आसासच्या त्याच घराच्या तळघरात फूकोने दोन मीटर तार आणि पाच किलोचा पितळी गोळा टांगला. तळघर का, तर वारा नाही आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा धक्का कमी. पहिल्या प्रयत्नात ३ जानेवारीला तार तुटली. गड्याने पुन्हा बांधली. आठवड्याच्या आत, पहाटे दोन वाजता, आई वर झोपलेली असताना खाली लंबक हळूहळू वळताना त्याला दिसला. वळायला हवा त्याच दिशेने.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळी मेख तिच्यात आहे. लंबक हाताने सोडायचा नाही. हाताने सोडला की नकळत कडेला थोडा धक्का बसतो आणि गोळा सरळ रेषेत न जाता लांबट लंबवर्तुळात फिरतो. म्हणून फूकोने गोळा बाजूला ओढून दोऱ्याने बांधला, पूर्ण शांत होऊ दिला आणि मग दोरा काडीने जाळला. वरची पकडसुद्धा अशी हवी की तार चारी बाजूंना सारखीच वाकेल. आणि वजन? सूत्रात वजन नाही हे खरं, पण हवा थांबवते ना! जड गोळा हवेला दाद देत नाही, तासन्‌तास हलत राहतो. पेपरमध्ये वजनाचा परिणाम शून्य लिहायचा आणि प्रत्यक्षात मिळेल तेवढा जड गोळा आणायचा, यात विरोध काही नाही.

पॅरिस वेधशाळेचा प्रमुख आरागो याने मग आपला मोठा हॉल दिला. तार झाली ११ मीटर. ३ फेब्रुवारी १८५१ ला अकादमीसमोर निवेदन झालं आणि पॅरिसच्या विद्वानांना चक्क पृथ्वी फिरताना पाहायला या असं आमंत्रण गेलं. आमंत्रण पाठवणारा कोण, तर बत्तीसाव्या वर्षात असलेला, बिनडिग्रीचा वार्ताहर.

फूकोने नियमही सांगितला. ध्रुवावर लंबक एका दिवसात पूर्ण फेरी मारेल, विषुववृत्तावर अजिबात वळणार नाही आणि मधल्या गावांत तो अक्षांशाच्या साइनच्या प्रमाणात वळेल. त्याने हे कसं काढलं ते गणिताने नीट मांडलं नव्हतं. उत्तर मात्र बरोबर होतं. झालं! पुढचे काही महिने अकादमीतले गणिती धडाधड सिद्धता मांडत सुटले आणि हे आमच्या समीकरणांत आधीपासून होतंच असा सूर लागला. असेलही. मला विचाराल तर समीकरणात असलेली आणि कुणी न बघितलेली गोष्ट ही सापडलेली गोष्ट नव्हे. व्हायवाला डेरिव्हेशन फाडफाड सांगणारा आणि मशिनला हात न लावणारा प्रत्येक वर्गात एक असतोच. त्या वर्षी पॅरिसच्या अकादमीत बरेच होते.

राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियनला हा प्रकार फार आवडला. त्याच्या हुकमाने मार्च १८५१ मध्ये पँथिऑनच्या घुमटाखाली लंबक लागला. ६७ मीटर तार, २८ किलोचा गोळा, एका पूर्ण झोक्याला साडेसोळा सेकंद. गोळ्याखाली एक टोकदार काटा आणि कडेला ओल्या वाळूचे बांध. दर खेपेला काटा वाळूत नवी चीर पाडायचा, आधीच्या चिरेपासून साधारण अडीच मिलिमीटर सरकून. पॅरिसची जनता तिकडे लोटली. कोपर्निकसला जाऊन तेव्हा तीनशे वर्षं झाली होती, शिकलेल्या माणसाला पृथ्वी फिरते यात शंका उरली नव्हती. पण बहुतेक पुरावे आकाशातले होते, ताऱ्यांचे. खोलीत बसून, खिडक्या बंद करून पृथ्वीचं फिरणं सगळ्यांना डोळ्यांनी दाखवणारा हा पहिला प्रयोग. त्याच डिसेंबरात नेपोलियनने सत्ता बळकावली, पँथिऑन पुन्हा चर्चच्या ताब्यात गेलं आणि लंबक उतरवला गेला.

आता थोडं आमच्या कर्जतचं. कर्जत म्हटलं की हॉस्टेलवर सगळे लोकलच्या कर्जतबद्दल बोलायला लागतात, म्हणून सांगतो, आमचं नगर जिल्ह्यातलं, आताच्या अहिल्यानगरमधलं. दुष्काळी तालुका. आमच्या तालुक्यातच राशीनला जगदंबेच्या देवळात त्या प्रसिद्ध हलत्या दीपमाळा आहेत, माणसाने हलवलं की एवढी मोठी बांधीव दीपमाळ डुलते. झोक्याचं वेड बहुधा तिथूनच लागलं असावं.

तर मी गणित करून पाहिलं. कर्जतचा अक्षांश साधारण साडेअठरा. साइन येतो ०.३१७. पृथ्वीची ताऱ्यांच्या हिशेबाने एक फेरी २३ तास ५६ मिनिटांची, तिला याने भागलं की ७५ तासांच्या थोडं वर. म्हणजे पॅरिसला जी फेरी ३२ तासांत पुरी होते तिला आमच्याकडे तीन दिवस आणि वर तीन तास लागणार. तासाला पाच अंशांनाही कमी.

मे महिन्यात आमची विहीर कोरडी असते. खाली वारा लागत नाही, वर मोटारीसाठी टाकलेला लोखंडी गर्डर आहे. फूकोच्या तळघरापेक्षा चांगली लॅब. चुलतभावाने गोळाफेकीचा सव्वासात किलोचा गोळा मिळवला, वेल्डिंगवाल्याकडून त्याला हूक मारून घेतला, तार पकडायला जुन्या ड्रिलचा चक वापरला. लांबी दहा मीटर. गोळा एक मीटर ओढून दोरा बांधला, अर्धा तास तसाच ठेवला, मग दोरा जाळला. झोका साडेसहा सेकंदांच्या आत-बाहेर, सूत्राप्रमाणे ६.३५. इथपर्यंत पास. वळण मात्र एका संध्याकाळी तासाला बारा अंश आलं, दुसऱ्या संध्याकाळी चक्क उलट्या दिशेने. दोन्ही वेळा बघता बघता गोळ्याचा मार्ग बारीक लंबवर्तुळ झाला होता.

आकडा काढला तेव्हा कळलं की पॅरिसमध्ये ६७ मीटर तार कशाला लागली. लंबवर्तुळात फिरणारा लंबक पृथ्वी थांबलेली असती तरी आपणहून वळतो, आणि लांबी वाढली की हे वळण झपाट्याने कमी होतं. दहा मीटर तार, एक मीटर झोका आणि कडेला फक्त दोन सेंटिमीटर फुगवटा असला तरी हे खोटं वळण तासाला १५ अंश भरतं, म्हणजे आमच्या खऱ्या वळणाच्या तिप्पट. तेच पँथिऑनमध्ये, तीन मीटर झोका आणि तेवढाच फुगवटा धरला, तर खोटं वळण खऱ्याच्या साडेतीन टक्के. शिवाय तिथलं खरं वळण आमच्या दुपटीहून जास्त. कर्जतला हा प्रयोग पॅरिसपेक्षा अवघड आहे, आणि त्यात आमच्या विहिरीचा काही दोष नाही. दोन मीटरच्या तारेवर तळघरात या माणसाला ते दिसलं, ही गोष्ट मला त्यानंतर जास्त मोठी वाटायला लागली. त्याची तार, त्याची पकड, त्याचा गोळा किती नेटके असतील याचा अंदाज विहिरीत उतरल्याशिवाय येत नाही. आजकाल संग्रहालयांत तारेभोवती वरच्या बाजूला एक कडी बसवतात, शारोन या फ्रेंच माणसाची १९३१ ची युक्ती. झोक्याच्या टोकाला तार कडीला घासते आणि फुगवटा वाढू देत नाही. या मे महिन्यात ती लावून बघणार आहोत.

लंबकानंतर फूको थांबला नाही. ज्यांना लंबकाचं साइन पटत नव्हतं त्यांच्यासाठी त्याने १८५२ मध्ये जायरोस्कोप केला, नावही त्यानेच दिलं. वेगाने फिरणारं चाक तिन्ही अक्षांवर मोकळं टांगलं की तेही आपली दिशा सोडत नाही. त्याच्या चाकाचा वेग काही मिनिटांतच कमी व्हायचा, म्हणून निरीक्षण मायक्रोस्कोपमधून करावं लागायचं. पुढे त्याच कल्पनेवर जहाजांचे जायरोकंपास आणि विमानांची दिशादर्शक यंत्रं उभी राहिली. १८५५ मध्ये त्याने तांब्याची चकती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवली, तर ती फिरवायला जोर लागू लागला आणि चकती तापली. हेच ते एडी करंट. ट्रान्सफॉर्मरचा गाभा पत्र्यांच्या थरांचा का असतो, याचं उत्तर या चकतीत आहे.

प्रकाशाचा प्रश्न त्याने लंबकाच्या आधीच हातात घेतला होता. प्रकाश हवेत वेगात जातो की पाण्यात? लहरी मानणारे म्हणत हवेत, कण मानणारे म्हणत पाण्यात. कल्पना आरागोची, पण त्याची नजर जात चालली होती. फिझो आणि फूको दोघे मित्र, आणि दोघेही याच प्रयोगाच्या मागे, पण तोपर्यंत दोघांचं फाटलं होतं. १८५० मध्ये फूको काही आठवड्यांनी पुढे निघाला: हवेत जास्त. यावरच १८५३ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. १८६२ मध्ये त्याच फिरत्या आरशाने त्याने प्रकाशाचा वेग काढला, सेकंदाला २,९८,००० किलोमीटर. आजचा आकडा २,९९,७९२. एका खोलीत मावणारं उपकरण आणि फरक पाऊण टक्क्याच्याही आत.

१८५५ मध्ये त्याला पॅरिस वेधशाळेत भौतिकतज्ज्ञाची जागा मिळाली, तीही सम्राट झालेल्या नेपोलियनच्या पाठिंब्याने. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं. वेधशाळेत त्याने दुर्बिणीच्या धातूच्या आरशांऐवजी काचेवर चांदीचा मुलामा देऊन आरसे केले आणि आरसा तपासायची पाते लावण्याची पद्धत शोधली. घरी दुर्बीण बनवणारे हौशी लोक आजही आरसा घासून झाला की हीच चाचणी करतात. एक ब्लेड आणि एक बारीक दिवा, बास. परदेशाने पदक दिल्यावरही स्वतःच्या गावच्या अकादमीत खुर्ची मिळायला १८६५ उजाडलं.

खुर्चीत तो फार दिवस बसला नाही. १८६७ मध्ये हात बधिर व्हायला लागले, मग नजर, मग वाचा गेली. आज वाचणारे डॉक्टर त्या लक्षणांवरून मल्टिपल स्क्लेरोसिसचा अंदाज करतात. ज्याची सगळी भिस्त बोटांवर, त्याची बोटंच आधी गेली. ११ फेब्रुवारी १८६८ ला तो वारला, वय ४८. लग्न केलेलं नव्हतं. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पुरलं. १८८९ मध्ये आयफेल टॉवरवर ज्या ७२ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची नावं कोरली त्यांत त्याचं आहे, आणि गंमत म्हणजे फिझोचंही आहे.

त्याच्या मूळ गोळ्यांपैकी एक पॅरिसच्या तंत्रज्ञान संग्रहालयात टांगलेला असायचा. एप्रिल २०१० मध्ये तार तुटली, गोळा संगमरवरी फरशीवर आदळला आणि असा चेपला की पुन्हा दुरुस्त होण्यासारखा राहिला नाही. दिल्लीच्या नव्या संसद भवनात २०२३ पासून फूकोचा लंबक आहे; तिथली फेरी ५० तासांना काही सेकंद कमी. आणि आपल्या जवळचा पाहायचा असेल तर पुण्याला विद्यापीठाच्या आवारात आयुकामध्ये आहे. पुण्याचा अक्षांश आणि आमच्या कर्जतचा जवळजवळ एकच, म्हणून तिथली फेरीही पंचाहत्तर तासांची. जाणार असाल तर गेल्या गेल्या झोक्याची रेषा जमिनीवरच्या एखाद्या खुणेशी जुळवून लक्षात ठेवा, कॅम्पस फिरून तासाभराने परत या आणि मग बघा. पाच मिनिटं बघून निघून गेलात तर काहीही दिसणार नाही.